अंगठा मुडपून

उसाला तोड लागली की आमच्या पणदऱ्याच्या रस्त्यावर वाढ्याचा वास येऊ लागतो. ट्रॉल्यांमधून गळून पडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डांबराला चिकटतं, त्याच्यावरून एमआयडीसीकडं निघालेल्या मोटारसायकली जातात, आणि चेचलेल्या हिरव्या पानांचा तो कच्चा, गोडसर वास सकाळच्या धुक्यातून आमच्या ओट्यापर्यंत येतो. जनावरांना तो आधी कळतो. गोठ्यात दावी ताणली जातात, माना रस्त्याकडं वळतात. दिवाळी होऊन गेलेली असते, म्हशी व्यायलेल्या असतात, चारा उदंड असतो आणि दूध वाढतं. आमच्या दूध संघाच्या भाषेत हा पुष्टकाळ. लोक वर्षभर या दिवसांची वाट बघतात.

मला मात्र हे दिवस लागले की एका जागी बसवत नाही. चहा अर्धा टाकून उठतो. गोठ्यात जातो, काही काम नसताना गव्हाणीतलं वाढं वरखाली करतो, परत येतो. शालन, माझी बायको, म्हणते, "पायाला भिंगरी लावलीया का? बसा की जरा." बसतो. पुन्हा उठतो. पाच वर्षं हे असं चाललं आहे आणि पाच वर्षांत मी तिला त्याचं कारण सांगितलं नव्हतं.

यंदा त्यात बोटाची भर पडली. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. सकाळी जाग आली की ते तळव्यात दुमडून बसलेलं असतं. बाकीची बोटं उघडतात, हे उघडत नाही. मनानं हुकूम सोडावा आणि हातानं तो ऐकलाच नाही असं करावं, तसं. मग डाव्या हातानं ओढायचं. आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम टक् करून ते सुटतं. बोटाच्या मुळाशी, तळव्यात, एक कळ उठते आणि विरते. दुपारपर्यंत सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

तो आवाज मी लगेच ओळखला. याच घरात, याच थंडीत, रोज पहाटे तो मी ऐकला होता. तेव्हा तो दुसऱ्याच्या हातातून यायचा.

मी दूध संघात पर्यवेक्षक आहे. गावोगाव जायचं, डेअरीवरची स्वच्छता बघायची, फॅट का उतरली ते समजावून सांगायचं, आणि बायकांना धार काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवायची. त्यासाठी संघानं मला एक रबरी कास दिली आहे, चार सडांची. आत पाणी भरायचं आणि मूठ वळून दाखवायची. सोबत एक तक्ता. तक्त्यावर तीन चित्रं: चिमटी पद्धत, त्यावर फुली, अंगठा मुडपून, त्यावर फुली, पूर्ण मूठ, त्यावर बरोबरची खूण. आपल्याकडं बहुतेक बाया अंगठा आत मुडपतात आणि सड त्या अंगठ्याच्या हाडावर दाबून धार काढतात. जोर चांगला लागतो, धार लवकर संपते. पण सडाला इजा होते, आतून जखमा होतात, कासदाह होतो. हे सगळं मी इतक्या वेळा बोललो आहे की झोपेतही बोलेन. इंदापूर तालुक्यातल्या, बारामती तालुक्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर तो तक्ता मी खिळ्याला टांगला. सडाचं काय होतं ते मी सांगितलं. अंगठ्याचं काय होतं ते त्या तक्त्यावर नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नाही.

आणि शालन अंगठा मुडपूनच धार काढायची. तिचं माहेर वालचंदनगरजवळचं. तिची आई कंपनीच्या कॉलनीत दुधाचा रतीब घालायची, त्यामुळं सात-आठ वर्षांची असल्यापासून शालन म्हशीखाली बसली. आईचा हात तिनं तसाच्या तसा उचलला. लग्न झाल्यावर मी एकदोनदा म्हणालो, "मुठीनं काढ." ती म्हणाली, "तुमची मूठ तुमच्या रबराला. माज्या म्हशीला माजा हात ठावा हाय." मी हसलो आणि सोडून दिलं. खरं कारण वेगळं होतं. तिच्या पद्धतीनं धार लवकर संपायची आणि मला डेअरीची वेळ गाठता यायची.

हौशी ही आमची म्हैस. पंढरपुरी, लांब शिंगांची, आणि फार हट्टी. ती एकहाती होती. काही म्हशी असतात तशा. एकाच माणसाच्या हाताला पान्हवतात. रेडकू लावलं की पान्हा सोडायची, पण रेडकू बाजूला घेऊन शालनऐवजी दुसऱ्या कुणी हात लावला की पान्हा वर चोरायची. कास दगडासारखी होईल, पण थेंब देणार नाही. शेजारचे तात्या, ज्यांचं आयुष्य म्हशीत गेलं, त्यांनाही तिनं दाद दिली नव्हती. आणि मी? मी तर तिच्याखाली कधी बसलोच नव्हतो. सबंध तालुक्याला धार काढायला शिकवणाऱ्या माणसाला जिवंत म्हशीची धार काढता येत नव्हती. ही गोष्ट शालनला माहीत होती आणि तिनं ती कधी कुणाला सांगितली नाही.

पाच वर्षांपूर्वी अशाच पुष्टकाळात तिचा अंगठा अडकायला लागला. पहाटे धारेला उठायची तेव्हा उजवा अंगठा वाकलेला. आधी ती स्वतःच अंगठ्याला पदर गुंडाळून, पदराचं टोक दातात धरून ओढायची. नंतर तिला ते सोसेना, तेव्हा माझ्यापुढं हात करू लागली. "ओढा जरा." मी ओढायचो. टक्. ती डोळे मिटायची, श्वास आत घ्यायची आणि बादली उचलून गोठ्यात जायची. हे रोजचं झालं. किती जोर लावायचा, कुठल्या बाजूनं धरायचं, हे मला नेमकं जमू लागलं होतं. आज आठवलं की वाटतं, ती काही हातातली कला नव्हती. पण तेव्हा मला आपण बायकोच्या उपयोगी पडतोय असं वाटायचं.

शेवटी बारामतीला गेलो. हाडांच्या डॉक्टर, एक मध्यमवयीन बाई. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, शालन कळवळली. त्या म्हणाल्या, "ट्रिगर थंब. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. तो कसा दाबला की अडतो आणि एकदम सुटतो, तसं."

"बंदूक म्या कवा चालवली?" शालन म्हणाली. "चालवली असती तर ह्यो अंगठा न्हाय, दुसरंच कुणीतरी आडवं झालं असतं." आणि माझ्याकडं बघून हसली. डॉक्टरही हसल्या.

मग तिला साखर तपासायला, रक्त द्यायला बाहेर पाठवलं. साखर असली तर हा आजार जास्त होतो आणि बराही उशिरा होतो, असं त्यांनी सांगितलं. आणि ती बाहेर असताना त्यांनी मला समजावलं. "लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते ना? तशी बोटाला हलवणारी एक दोरी असते, शीर म्हणा, ती एका नळीतून जाते. सारखा तोच ताण पडला की नळीचं तोंड सुजतं आणि दोरीला गाठीसारखा फुगवटा येतो. नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडकावी तसं अडकतं. जोर लावला की सुटतं, पण प्रत्येक वेळी घासतं आणि जास्त सुजतं. म्हणून ओढायचं नाही. धार सहा आठवडे पूर्ण बंद. मलम लावायचं, रात्री पट्टी बांधायची, अंगठा सरळ राहील अशी. सहा आठवड्यांनी या. नाही सुटलं तर तिथं एक इंजेक्शन देऊ, त्यानंही नाही तर लहानसं ऑपरेशन. पण आत्ता सांभाळलंत तर बहुतेक त्याची वेळ येणार नाही."

मी मान हलवत होतो. सगळं समजलं होतं. इतकं नीट की आज पाच वर्षांनी शब्दाला शब्द लिहू शकतो.

शालन परत आली तेव्हा डॉक्टर पुढच्या पेशंटकडं वळल्या होत्या. परतीच्या वाटेवर गाडीवर तिनं मागून माझ्या कानाशी विचारलं, "काय म्हनल्या मॅडम?"

मी म्हणालो, "मलम लाव म्हणाल्या. रात्री पट्टी बांध. आन हात चालता ठेव, बसवून ठेवलास तर आखडंल."

शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नव्हतं. ते माझं होतं. समोरून उसाची ट्रॉली येत होती, मी गाडी कडेला घेतली, आणि ते वाक्य तोंडातून गेलं होतं.

का बोललो? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याची उत्तरंही झिजली आहेत. हौशी व्यायला अठरा दिवस झाले होते, ऐन भरात होती. पुढच्याच आठवड्यात आसपासच्या गावांतल्या बायकांचं प्रशिक्षण आमच्या गोठ्यात ठेवलं होतं. आदर्श गोठा म्हणून. सहा आठवडे धार बंद म्हणजे म्हैस आटणार, पर्यवेक्षकाच्याच घरची म्हैस, आणि का आटली म्हणून लोक विचारणार, आणि मग कळणार की साहेबाला धार काढता येत नाही. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. उपासमार, आजारपण, काहीतरी. पण नाही. लोक हसतील, एवढंच होतं.

प्रशिक्षण झालं. शालननं बायकांसमोर चार धारा मुठीनं काढून दाखवल्या, मी तक्त्यावर छडी ठेवून बोललो, टाळ्या झाल्या. बायका गेल्यावर उरलेली धार तिनं अंगठा मुडपून काढली.

आणि मी रोज पहाटे तिचा अंगठा ओढत राहिलो. ओढायचं नाही हे माहीत असताना.

संक्रांत आली. तिळाच्या वड्या थापताना तिच्या लक्षात आलं की अंगठा आता ओढूनही सुटत नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. डॉक्टरांकडं पुन्हा नेलं तेव्हा त्यांनी धारेचं काही विचारलं नाही; इंजेक्शनचा उपयोग होणार नव्हता, ऑपरेशन झालं. जागच्या जागी भूल, पंधरा मिनिटं. नळीचं तोंड मोकळं केलं. पण इतके दिवस वाकून राहिल्यानं पुढचा सांधाच आखडला होता, तो पूर्ण सरळ झाला नाही. आजही नाही. भाकरी थापताना तो पिठात रुततो आणि प्रत्येक भाकरीच्या कडेला एक खळगा पडतो. ताटात भाकरी आली की माझी नजर आधी तिथं जाते. पाहुणे आले की ती खळग्याची बाजू त्यांच्याकडं येऊ देत नाही, माझ्या ताटात वाढते.

ऑपरेशननंतर मी हौशीखाली बसलो. शालनचं जुनं हिरवं लुगडं नेसून. म्हशीला वास ओळखीचा हवा म्हणून तसं करतात, हे मी कित्येकदा ऐकलं होतं. पहिल्या दिवशी कुडावरून तात्यांनी डोकावून बघितलं आणि ओरडले, "शालन, आज लई उंच दिसाया लागलीस गं!" अख्ख्या आळीला ऐकू गेलं. ज्या हसण्याला मी भ्यालो होतो ते हसणं आलं, दोन दिवस राहिलं आणि गेलं. आठव्या दिवशी हौशीनं पान्हा सोडला. महिन्याभरानं लुगड्याची गरज राहिली नाही. तेव्हापासून दोन्ही वेळची धार मी काढतो, पूर्ण मुठीनं.

त्याचं कौतुक होतं, हे सगळ्यात वाईट. डेअरीवर बायका म्हणतात, "शालनताई, नशीब काढलंस गं. असा दादला कुणाला भेटतो?" शालन हसते. मी कॅन उचलून बाहेर जातो.

म्हणून या हिवाळ्यात माझं बोट पहिल्यांदा अडकलं तेव्हा मला दुखण्याआधी बरं वाटलं होतं. हलकटपणाच तो. जणू एका बोटानं एक अंगठा भरून निघतो. पण मग ते वाढत गेलं, आणि एक दिवस हातातून दुधाचं माप निसटलं. शालननं माझा हात उलटा करून तळवा दाबला. मी ओरडलो.

"ह्ये तेच हाय," ती म्हणाली. "चला बारामतीला. मी येते संगं."

"मी जाऊन येतो की एकटा."

"आन तिथं काय सांगत्यात ते कोन ऐकणार? तुमी? तुमाला घरी येस्तवर आठवत न्हाय."

ती चेष्टेनं बोलली होती. मी तीन आठवडे काही ना काही सांगून टाळलं. कधी फॅटचं मशीन बंद, कधी संघाची मीटिंग, हौशी नुकतीच व्यायली होती तेही कारण झालं. मला भीती ऑपरेशनची नव्हती. त्याच डॉक्टर तिच्या समोर म्हणणार होत्या: धार सहा आठवडे पूर्ण बंद, ओढायचं नाही. आणि शालन ऐकणार होती.

शेवटी एसटीनं गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो. मी उठून पाणी प्यायलो. बसलो. बाहेर जाऊन आलो. पुन्हा पाणी प्यायलो.

"इंजेक्शनाला भ्यालासा व्हय?" शालन म्हणाली. शेजारची म्हातारी हसली.

आमच्या आधी तीन पेशंट होते, मग दोन. एक आत गेला तेव्हा मी बोललो. मी आपणहून सांगितलं असं मला कधीच म्हणता येणार नाही. दार उघडलं की ते बाहेर येणारच होतं, म्हणून सांगितलं.

"मागच्या टायमाला मॅडमनी मला सांगितलं हुतं," मी म्हणालो, "की तुझी धार बंद ठेवायची. सहा आठवडं. अंगठा ओढायचा न्हाय. मी तुला बोललो न्हाय."

तिला आधी कळलंच नाही. "काय बोलला न्हाय?"

"धार बंद ठेवायची, ह्ये."

"मग हात चालता ठेव म्हनलेलं त्ये?"

"त्ये माझं. माझ्या मनानं."

ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. तिथं हाताच्या हाडांचं एक चित्र लावलं होतं. त्या चित्राकडं बघतच म्हणाली, "हौशीपायी?"

"हौशीपायी. आन लोकं हसत्याल म्हणून."

"आन मी?"

कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं.

आत डॉक्टरांनी माझं बोट बघितलं, साखर तपासायला सांगितली, आणि तेच सगळं सांगितलं. शालन पुढं सरकून बसली. "परत एकदा सांगा मॅडम. सावकाश. मी ध्यानात ठिवते." तिनं एकेक विचारून घेतलं. बादली उचलायची का? गाडी चालवायची का? पट्टी किती घट्ट? गरम पाण्यात हात किती येळ? डॉक्टरांची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. "तुमचा कसा आहे आता?"

"हाय तसा हाय," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

एसटीत ती खिडकीशी बसली. रस्त्यानं वाढ्याच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मला वाटत होतं तिनं ओरडावं, भर एसटीत, सगळ्यांसमोर. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून मी पुढच्या सीटचा दांडा डाव्या हातानं धरून बसलो होतो आणि उतरायच्या आधी दोन स्टॉप उठून उभा राहिलो.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. सवयीनं मी बादलीकडं गेलो. शालननं ती माझ्या आधी उचलली आणि पालथी घातली. मग रेडकाच्या गळ्यातलं दावं सोडलं. दीड महिन्याचं रेडकू ते, धावत जाऊन हौशीला भिडलं. आम्ही त्याला नेहमी थोडं पाजून ओढून बांधायचो. तिनं ओढलं नाही.

तात्या कुडापाशी आले. "अगं, सगळंच पितंय की त्ये! डेरीला काय घालशीला?"

"काय न्हाय."

"सायबाच्या घरचं दूध बंद? आटंल की गं म्हस!"

"आटू द्या तात्या. सहा आठवडं ह्यांनी हात लावायचा न्हाय."

"न्हायतर ह्याचा शर्ट घालून मी बसतो की खाली. त्यानं न्हाय का लुगडं नेसलं?" तात्या आपल्याच बोलण्यावर हसले.

शालन हसली नाही. "नको तात्या. पिऊ द्या."

तात्या गेले. रेडकू डोकं आपटून आपटून पीत होतं, त्याच्या तोंडाला फेस आला होता. हौशी डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी होती. मधूनच तिनं मान वळवून त्याची पाठ चाटली. ती बिथरली नाही, लाथ मारली नाही, काही झालं नाही. एका म्हशीचं दूध एका रेडकानं प्यायलं, बस.

"ह्ये तवाबी जमलं असतं," शालन म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.

ती आत गेली. मी रेडकाचं पोट भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.